आठवड्याची बेगमी : डबा कोणता, पदार्थ कोणता?

रविवारची दुपार कलली की मुंबई-पुण्यातील अनेक नोकरदार घरांत स्वयंपाकघराला पुन्हा जाग येते. मटकीला मोड आलेले असतात, नारळ खोवून झालेला असतो, कुकरमध्ये बटाटे उकडत असतात आणि ओट्यावर सोललेल्या लसणाचा ढीग पडलेला असतो. सोमवारी पहाटे उठून मुलांचे डबे भरायचे, स्वतःचा भरायचा आणि तरीही ठरलेली लोकल चुकू द्यायची नाही, हे आयत्या वेळी साधणे कठीण. म्हणून आठवड्याच्या स्वयंपाकाची निम्मी तयारी एकाच दिवशी उरकण्याची रीत शहरी कुटुंबांनी स्वीकारली आहे.

बेगमी ही महाराष्ट्राला नवी नाही. पूर्वी ती वर्षाची असे. पापड, कुरडया, सांडगे, लोणची, मसाले, कडधान्ये हे सारे उन्हाळ्यात सिद्ध होऊन फडताळात आणि बरण्यांत जात असे. त्या बेगमीचे रक्षण पदार्थ स्वतःच करीत. पापडात पाणी नसते. लोणच्यात मीठ, तेल आणि आंबटपणा असतो. रविवारी केलेल्या उसळीत किंवा वाटणात यांपैकी कोणतेच संरक्षण पुरेसे नसते. तो पदार्थ ओला असतो, बहुधा शिजलेला असतो आणि जंतूंच्या वाढीला हवे ते सर्व त्यात असते. त्याचे रक्षण दोनच गोष्टी करतात. एक थंडी आणि दुसरी डबा. तरीही डब्यांची खरेदी बहुतेक वेळा रंग, सवलत किंवा सणाला भेट आलेला संच यांवर ठरते. बुधवारी मुलाच्या डब्यात गेलेली आमटी आंबलेली निघाली, की दोष आमटीला दिला जातो.

आठवड्याचे दोन भाग

डबे निवडण्यापूर्वी ते किती दिवसांसाठी हवेत, हे ठरवणे आवश्यक आहे. साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा अन्नाच्या दृष्टीने धोक्याचा मानला जातो, कारण रोगजंतूंची वाढ याच पट्ट्यात झपाट्याने होते. शिजवलेले अन्न या तापमानात दोन तासांहून अधिक काळ राहू नये आणि हवा ३२ अंशांहून अधिक तापलेली असेल तर ही मर्यादा एका तासावर आणावी, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आहे. नागपूर, जळगाव किंवा सोलापूरच्या उन्हाळ्यात एका तासाची मर्यादाच लागू होते, हे उघड आहे.

फ्रिजमध्ये ४ अंश किंवा त्याहून कमी तापमानात शिजवलेले वरण, उसळ, भाजी किंवा रस्सा तीन ते चार दिवस चांगला राहतो. याचा अर्थ रविवारचा पदार्थ बुधवारच्या रात्रीपर्यंत संपला पाहिजे. गुरुवार ते शनिवारसाठीचा वाटा रविवारीच उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये जायला हवा. नाहीतर बुधवारी संध्याकाळी पुन्हा थोडा स्वयंपाक करायला हवा. म्हणून डब्यांचेही दोन गट हवेत. एक फ्रिजच्या फळीवर राहणारा आणि दुसरा फ्रीझरमधील गारठा सोसणारा.

भाताची गोष्ट याहून वेगळी आहे. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ या जंतूची बीजे असू शकतात आणि ती शिजवण्याने मरत नाहीत. भात उबदार जागी राहिला तर ती अंकुरतात आणि विष तयार करतात. त्यातील उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने भात शक्यतो तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवण्याचा आणि एका दिवसात संपवण्याचा सल्ला दिला आहे. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकण्याची आपल्याकडील पद्धत या मर्यादेत बसते. मात्र तो भात रात्रभर ओट्यावर न राहता फ्रिजमध्ये गेला पाहिजे. चार दिवसांचा भात साठवणे योग्य नाही आणि कुकरला लागणारा वेळ पाहता त्याची गरजही नाही.

उथळ डब्याचे गणित

मोठ्या पातेल्यातील घट्ट वरण वरून गार लागते, पण मध्यभागी कित्येक तास कोमट राहते. घट्ट पदार्थाच्या थराची जाडी दुप्पट केली, तर तो आतपर्यंत गार होण्यास साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून डबा उंच असण्यापेक्षा पसरट असणे श्रेयस्कर. पदार्थाचा थर पाच सेंटिमीटरहून, म्हणजे सुमारे दोन इंचांहून, जाड नसावा. एका मोठ्या डब्याऐवजी तीन लहान पसरट डबे घेतल्यास पदार्थ लवकर गार होतो आणि दर वेळी सगळा साठा उघडावाही लागत नाही.

गरम पदार्थ फ्रिजमध्ये ठेवू नये, ही समजूत घरोघरी आहे. उकळते पातेले थेट आत ठेवल्यास शेजारचे पदार्थ तापतात, हे खरे. परंतु पदार्थ ‘पूर्ण गार होईपर्यंत’ बाहेर ठेवण्याने अधिक नुकसान होते. पदार्थ डब्यांत वाटून डबे गार पाण्याच्या परातीत ठेवावेत आणि वाफ ओसरून ते हाताला कोमट लागू लागले की फ्रिजमध्ये ठेवावेत. परातीच्या या युक्तीत स्टीलचा डबा सरस ठरतो. काचेच्या तुलनेत स्टेनलेस स्टील सुमारे पंधरा पट अधिक उष्णता वाहून नेते, तर प्लास्टिक काचेहूनही मागे असते. काचेचा तापलेला डबा मात्र थंड पाण्यात ठेवू नये; तो तडकण्याचा संभव असतो.

स्टील : जुने आणि विश्वासाचे

ब्रिटनमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद तयार केले. त्यातील क्रोमियम हवेशी संयोग पावून पृष्ठभागावर अत्यंत पातळ असा संरक्षक थर धरते. ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा तयार होतो. मराठी घरांतील पितळी डब्यांची जागा स्टीलने घेतली, तिच्यामागे कल्हईचा खर्च आणि घासण्याचे कष्ट वाचणे हे मोठे कारण होते.

बाजारातील सर्व स्टील मात्र एका प्रतीचे नसते. ‘३०४’ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, म्हणून तिला ‘१८/८’ असेही म्हणतात. ‘२०२’ या स्वस्त प्रतीत महागड्या निकेलचा काही भाग मँगेनीजने भरून काढलेला असतो. आंबट-खारट पदार्थांपुढे ती तितकी टिकाव धरत नाही. दुकानात लोहचुंबक लावून प्रत ओळखण्याची पद्धत रूढ आहे, पण ती अपुरी आहे. चुंबक ‘३०४’ला चिकटत नाही, तसा तो सहसा ‘२०२’लाही चिकटत नाही. ‘४३०’सारखी निकेलरहित प्रत तेवढी त्याने ओळखू येते. म्हणून डब्यावरील ठसा आणि पावतीवरील नोंद पाहणे हाच उपाय. स्टीलच्या भांड्यांसाठी ‘आयएस १४७५६’ हे भारतीय मानक असून, अशा भांड्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला. जुन्या कपड्यांच्या बदल्यात बोहारणीकडून आलेल्या डब्याची प्रत तपासण्याची सोय नसते. असा डबा डाळी, रवा किंवा पोहे यांसारख्या कोरड्या जिनसांसाठी वापरावा.

स्टीलच्या मर्यादाही आहेत. ते मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. आतला पदार्थ दिसत नसल्याने मागे सरकलेला डबा विसरला जातो. मिठातील क्लोराइडमुळे त्याच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे पडू शकतात, म्हणून लोणचे किंवा मिठात मुरवलेल्या मिरच्या दीर्घकाळ त्यात ठेवू नयेत. तीन-चार दिवसांच्या उसळी-आमट्यांना मात्र चांगल्या प्रतीचे स्टील उत्तम असते. त्याला वास लागत नाही, हळदीचा डाग राहत नाही आणि ते फ्रीझरमध्येही चालते.

काच आणि चिनी माती

अन्नाशी सर्वांत अलिप्त राहणारा पदार्थ काच. चिंच, कोकम, टोमॅटो, दही, लिंबू यांपैकी कशाचाही तिच्यावर परिणाम होत नाही. आतला पदार्थ दिसतो, हा फ्रिजमध्ये मोठाच गुण. काचेचेही दोन प्रकार लक्षात घ्यावेत. जॅम किंवा कॉफीच्या रिकाम्या बाटल्यांची साधी सोडा-लाइम काच तापमानातील अचानक बदल सोसत नाही. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती ओव्हन आणि मायक्रोवेव्हमध्ये वापरता येते. १९१५ मध्ये अमेरिकेत ‘पायरेक्स’ या नावाने अशी स्वयंपाकाची भांडी प्रथम बाजारात आली. तथापि बोरोसिलिकेट डबादेखील फ्रीझरमधून काढून लगेच तापवणे धोक्याचेच. तो आदल्या रात्री फ्रिजच्या फळीवर उतरवून ठेवावा.

काचेच्या डब्यात पदार्थ गोठवताना वर बोटभर जागा मोकळी ठेवावी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. काठोकाठ भरलेला डबा त्यामुळे फुटतो. काचेचे वजन आणि फुटण्याची भीती यांमुळे शाळेच्या दप्तरासाठी आणि लोकलच्या गर्दीसाठी ती गैरसोयीची आहे. घरात काच आणि प्रवासात स्टील, अशी विभागणी अनेक कुटुंबांनी अनुभवाने स्वीकारली आहे. चिनी मातीची बरणी लोणच्यासाठी आजही पहिल्या पसंतीची आहे. आतील झिलई तडकलेली किंवा उडालेली असेल, तर मात्र ती बाद करावी.

प्लास्टिक : आकडा पाहून घ्यावे

१९४६ च्या सुमारास अमेरिकेत अर्ल टपर यांनी घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे बाजारात आणले. त्यांच्या नावाची कंपनी १९९६ मध्ये भारतात आली आणि घरगुती मेळाव्यांतून होणाऱ्या विक्रीमुळे तिचे डबे मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. हलके वजन, घट्ट झाकण आणि न फुटणे हे प्लास्टिकचे गुण निर्विवाद आहेत. प्रश्न आहे तो उष्णता, तेल आणि आंबटपणा यांच्या संयोगाचा.

डब्याच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ यांपैकी एक आकडा असतो. पुनर्वापरासाठी प्लास्टिक ओळखता यावे, म्हणून ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. हा आकडा सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नसून केवळ प्रकार सांगतो. तरीही खरेदीत तो उपयोगी पडतो.

• १ (पेट) : पाण्याच्या बाटल्या, पारदर्शक बरण्या. सुमारे ७० अंशांच्या पुढे हे मऊ पडू लागते. गरम पदार्थ भरू नये; कोरड्या जिनसांसाठी ठीक.

• २ (एचडीपीई) आणि ४ (एलडीपीई) : दुधाचे कॅन, पिशव्या, लवचीक झाकणे. थंड पदार्थांसाठी चालतात.

• ३ (पीव्हीसी) आणि ६ (पॉलिस्टायरीन, थर्माकोल) : अन्न साठवण्यासाठी टाळावेत, गरम अन्नासाठी मुळीच वापरू नयेत.

• ५ (पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) : सुमारे १६० अंशांपर्यंत वितळत नाही. अन्नाच्या डब्यांसाठी सर्वांत योग्य प्लास्टिक हेच.

• ७ (इतर) : यात अनेक प्रकार येतात. जुने, कडक, काचेसारखे दिसणारे पॉलिकार्बोनेट यांतलेच. त्यात ‘बीपीए’ हे रसायन असते.

बीपीएचा शरीरातील संप्रेरकांवर परिणाम होतो, या चिंतेमुळे युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्यावर बंदी घातली आणि डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या बहुतेक सर्व वस्तूंसाठी बंदीचा नियम केला. पीपीच्या डब्यावर ठळक अक्षरांत ‘बीपीएमुक्त’ असे लिहिलेले आढळते. परंतु पीपी बनवताना बीपीए मुळात लागतच नाही. त्या शब्दासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

‘मायक्रोवेव्ह सेफ’ या शिक्क्याचाही अर्थ नीट समजून घ्यावा. डबा वितळणार किंवा वाकणार नाही, एवढीच हमी त्यातून प्रामुख्याने मिळते. तेलाचा तवंग असलेला रस्सा पाण्याच्या उत्कलनबिंदूहून अधिक तापू शकतो आणि त्या ठिकाणी प्लास्टिकवर फोड किंवा पांढुरके डाग उमटतात. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बालकांच्या अन्नाची प्लास्टिकची पात्रे मायक्रोवेव्हमध्ये तापवल्यावर त्यांतून प्लास्टिकचे सूक्ष्म कण मोठ्या संख्येने सुटतात, असे आढळले. अशा कणांचा माणसाच्या आरोग्यावर नेमका किती परिणाम होतो, याचे संशोधन चालू आहे. तोवर गरम करणे काचेत किंवा चिनी मातीच्या भांड्यात आणि प्लास्टिकचा वापर केवळ थंड साठवणीसाठी, हा नियम पाळण्यात नुकसान काहीच नाही.

भारतात अन्नाच्या वेष्टनांसाठी अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत. प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या घटकांची एकूण मर्यादा त्यांत किलोमागे ६० मिलिग्रॅम एवढी घालून दिलेली आहे. डब्यावर पेला आणि काटा यांचे चिन्ह असेल, तर तो अन्नाच्या संपर्कासाठी बनवलेला आहे असे समजावे. श्रीखंड किंवा आइस्क्रीमचे रिकामे डबे जपून ठेवणे ही मराठी घरांची सवयच आहे. त्यांत निवडलेल्या शेंगा, कढीपत्ता किंवा खोवलेला नारळ थंड ठेवावा. गरम आमटी किंवा तेलकट भाजी भरू नये. हॉटेलातून पार्सलसोबत आलेल्या पातळ डब्यांनाही हेच लागू आहे.

तांबे, पितळ आणि अॅल्युमिनियम

पितळी भांड्यात ठेवलेले ताक कळकते, हे जुन्या पिढीला शिकवावे लागत नसे. आंबट पदार्थात तांब्याचा अंश उतरतो, चव बिघडते आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. कल्हई म्हणजे कथिलाचा लेप. तो हा संपर्क तोडतो. परंतु घासून घासून लेप झिजतो आणि कल्हईवाला आता शहरात सहज सापडत नाही. पुण्याच्या तांबट आळीतील सुबक भांडी पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सजावटीसाठी जरूर घ्यावीत. चार दिवसांची आमटी त्यांत ठेवू नये. अॅल्युमिनियमही आंबटाशी संयोग पावते. चिंचेचा कोळ, टोमॅटोचे सार, सोलकढी किंवा ताक अॅल्युमिनियमच्या डब्यात अथवा फॉइलमध्ये साठवणे टाळावे. पोळ्या थोडा वेळ गुंडाळण्यास फॉइल चालते.

झाकण हाच डब्याचा प्राण

डब्याचे आयुष्य बहुधा झाकणावर ठरते. दुकानात डबा पाण्याने अर्धा भरून, झाकण लावून उलटा धरून पाहावा. विक्रेत्याला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नाही. झाकणाची सिलिकॉनची कडी सुटी होणारी असावी, कारण तिच्याखालील खाचेत ओल राहून काळी बुरशी धरते. आठवड्यातून एकदा ती काढून, धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी. एकाच मापाची झाकणे असलेला संच घेतल्यास ‘डबा आहे, झाकण सापडत नाही’ ही नित्याची तक्रार टळते. काचेच्या अनेक डब्यांची झाकणे प्लास्टिकची असतात; मायक्रोवेव्हमध्ये ती काढून ठेवावीत आणि पदार्थावर ताटली सैल झाकावी.

हवाबंद डबा सर्वच पदार्थांना मानवत नाही. मोड आलेली मटकी जिवंत असते आणि श्वसन करते. घट्ट बंद केल्यास तिला वास येतो. ती सैल झाकणाच्या किंवा जाळीच्या डब्यात, निथळून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत वापरावी. उलट, भिजवलेली कणीक हवेने काळी पडते. तिला लहान, हवाबंद आणि भरलेला डबा लागतो. तीही दोन दिवसांपलीकडे ठेवू नये.

पदार्थ तसा डबा

• पालेभाज्या आणि कोथिंबीर : निवडून, पूर्ण कोरड्या करून, सुती फडक्यात गुंडाळून मोठ्या डब्यात. वर्तमानपत्रात गुंडाळण्याची सवय सोडावी. छपाईच्या शाईतील घटक अन्नात उतरू शकतात. वर उल्लेखिलेल्या २०१८ च्या नियमांनी विक्रेत्यांनाही अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास मनाई केली आहे.

• आले-लसणाचे वाटण : काचेच्या लहान बरणीत, फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस. उरलेले बर्फाच्या साच्यात गोठवावे. तेलात बुडवलेला कच्चा लसूण कधीही बाहेर ठेवू नये. हवा न लागणाऱ्या त्या जागी बोट्युलिझम हा जीवघेणा विषार घडवणारा जंतू वाढू शकतो.

• खोवलेला नारळ आणि ओल्या खोबऱ्याचे वाटण : एका वेळेपुरत्या लहान पीपी डब्यांत, फ्रीझरमध्ये.

• इडली-डोशाचे पीठ : उंच स्टीलच्या डब्यात, वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवून, कारण ते फुगते.

• चिंचेचा कोळ, टोमॅटोचा रस, दही : काच किंवा चिनी माती.

• उसळ, आमटी, रस्सा : पसरट स्टील किंवा बोरोसिलिकेट काच, एका जेवणाचा एक डबा.

• कच्चे मासे आणि मांस : घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सर्वांत खालच्या फळीवर, म्हणजे पाणी इतर पदार्थांवर ठिबकत नाही. दोन दिवसांत वापरावेत अथवा गोठवावेत. त्यांचा डबा वेगळा राखावा.

• दाण्याचे कूट, गोडा मसाला, भाजलेला रवा : कोरड्या हवाबंद बरणीत. ओला चमचा घालू नये.

माप आणि संख्या

चौघांच्या कुटुंबात प्रत्येकी एक वाटी, म्हणजे सुमारे १५० मिलिलिटर, उसळ धरली तर एका जेवणाला ६०० मिलिलिटर लागते. त्यासाठी ७०० ते ७५० मिलिलिटरचा डबा पुरेसा होतो. आठवड्याच्या तयारीसाठी या मापाचे सहा, वाटण आणि चटण्यांसाठी दीडशे-दोनशे मिलिलिटरचे सहा आणि भाजी-पाल्यासाठी दोन-तीन लिटरचे दोन एवढे डबे सामान्य घरास पुरतात. गोल डबे चौकोनी जागेत ठेवले की सुमारे एकवीस टक्के जागा वाया जाते. फ्रिज लहान असेल तर चौकोनी डबे घेण्याचे हे मोठे कारण आहे. मात्र डबे एकमेकांना चिकटवून रचू नयेत. थंड हवा खेळली नाही तर मधले डबे गार होत नाहीत.

वीज गेल्यास दार न उघडता फ्रिज सुमारे चार तास अन्न सुरक्षित राखतो. भरलेला फ्रीझर दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस तग धरतो, असे सर्वसाधारण मोजमाप आहे. मे महिन्यातील उकाड्यात ते कमीच धरावे. त्याहून अधिक काळ वीज गेली असेल, तर वास आणि चव घेऊन निर्णय करू नये. अनेक रोगजंतू अन्नाचा वासही बदलत नाहीत आणि रंगही.

केव्हा निरोप द्यावा

प्लास्टिकच्या डब्याला ओरखडे पडले, तो पांढुरका किंवा चिकट झाला, वास जाईनासा झाला, की त्याचे अन्नासाठीचे काम संपले. हळदीचा पिवळा डाग मात्र दोष मानू नये. हळदीतील रंगद्रव्य तेलातून प्लास्टिकमध्ये मुरते आणि उन्हाने विरते. धुतलेला डबा एक-दोन दिवस कडक उन्हात ठेवला की डाग फिका होतो. काच काठाला टवका उडाली की टाकावी. स्टीलला खड्डे किंवा तांबूस ठिपके दिसू लागले, तर तो डबा कोरड्या जिनसांकडे वळवावा आणि अखेरीस मोडीत घालावा. त्याचे मोलही येते.

गरम करताना पदार्थ आतपर्यंत वाफाळला पाहिजे. ७४ अंश हे प्रमाण सांगितले जाते. फ्रिजमधून काढलेला डबा एकदाच गरम करावा आणि उरलेले पुन्हा आत ठेवू नये. एका जेवणाचा एक डबा, या नियमाचे महत्त्व येथे कळते.

स्टीलच्या भांड्यावर नाव आणि तारीख कोरून घेण्याची पद्धत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. लग्नात, बारशात किंवा मुंजीत आलेला डबा कोणी, केव्हा दिला, हे त्या अक्षरांवरून आजही कळते. आठवड्याच्या बेगमीला त्याच डब्यावर आणखी एका तारखेची आवश्यकता आहे. कागदी चिकटपट्टीचा लहानसा तुकडा, त्यावर पदार्थाचे नाव आणि तो केल्याचा वार, एवढ्याने काम भागते. बुधवारी रात्री दमून घरी आलेल्या माणसाला डबा उघडून हुंगत बसावे लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत निघालेल्या मुलाच्या डब्यात काय भरावे, याचा निर्णय ती चिठ्ठीच करते.